टोकन पाठवताना लागणारी फी : ती कशी ठरते आणि कमी कशी करावी

यूपीआयवरून शंभर रुपये पाठवताना वर एक पैसाही मोजावा लागत नाही, ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की क्रिप्टोकडे नव्याने वळणारा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो फीपाशीच. समजा, नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका तरुणाने भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, ५० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले टोकन), म्हणजे साधारण साडेचार हजार रुपयांचे टोकन घेतले आणि ते स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याची गुप्त चावी स्वतःकडेच असते अशा ॲपमध्ये, हलवायचे ठरवले. पडद्यावर त्याला चार-पाच नेटवर्कची नावे दिसतात, प्रत्येकापुढे वेगळी फी असते, आणि त्यांतील सर्वांत महाग व सर्वांत स्वस्त पर्यायांत कित्येक पटींचा फरक असतो. टोकन तेच, रक्कम तीच, मग फी वेगळी का, हे कळल्याशिवाय ती कमी करण्याचे उपाय नीट वापरता येत नाहीत.

निफाड-पिंपळगाव पट्ट्यातली द्राक्षे हंगामात मुंबईला निघतात, तेव्हा ट्रकवाला पेटीतल्या मालाचा भाव विचारत नाही; पेटी किती जागा अडवते आणि त्या दिवशी गाड्यांना किती मागणी आहे, एवढ्यावर तो भाडे सांगतो. ब्लॉकचेनवरची, म्हणजे प्रत्येक नेटवर्कच्या सामायिक नोंदवहीवरची, फी याच रीतीने ठरते. या वहीत व्यवहार गठ्ठ्यांनी नोंदले जातात, अशा प्रत्येक गठ्ठ्यात म्हणजे ब्लॉकमध्ये मर्यादित जागा असते, तुमचा व्यवहार त्यातली काही जागा किंवा काही गणनशक्ती वापरतो, आणि त्या क्षणी किती लोक रांगेत आहेत यावर दर चढतो किंवा उतरतो. म्हणून पाचशे रुपयांच्या टोकनला आणि पाच लाखांच्या टोकनला फी जवळपास सारखीच पडते. लहान रकमा पाठवणाऱ्या नवख्याला ती जास्त बोचते ती याच कारणाने, आणि फीचा विचार रुपयांत न करता पाठवायच्या रकमेच्या टक्केवारीत करावा असे मी सुचवतो तेही त्यामुळेच. ५० यूएसडीटीवर १५० रुपये गेले तर ते तीन टक्क्यांहून अधिक झाले. तेच १५० रुपये पाच लाखांवर गेले तर त्यासाठी डोके शिणवण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : समोर कोणते नेटवर्क चालते ते पाहणे

फीतला सर्वांत मोठा फरक नेटवर्कच्या निवडीने पडतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. यूएसडीटी हे एकच टोकन इथेरियम, ट्रॉन, बीएनबी चेन, सोलाना अशा अनेक नेटवर्कवर चालते. एक्स्चेंजच्या यादीत ती नावे बहुधा ईआरसी-२०, टीआरसी-२०, बीईपी-२० अशा सांकेतिक रूपात दिसतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे इथेरियम, ट्रॉन आणि बीएनबी स्मार्ट चेन असा घ्यावा. यादीतला सर्वांत स्वस्त पर्याय डोळे झाकून निवडण्याचा मोह इथेच होतो. परंतु ज्या ठिकाणी टोकन पोहोचायचे आहे तिथे ते नेटवर्क चालत नसेल, तर वाचवलेल्या शंभर रुपयांपायी सगळी रक्कम अडकते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी टोकन जिथे घ्यायचे आहे ते ॲप उघडावे, तिथे टोकन आणि नंतर नेटवर्क निवडावे, त्या नेटवर्कचा पत्ता कॉपी करावा, आणि मगच पाठवणाऱ्या ॲपमध्ये तेच नेटवर्क शोधावे. दोन्ही बाजूंना चालणाऱ्या नेटवर्कांपैकी जे स्वस्त असेल ते आपले. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तो इथेरियमच्या चौकटीत टाकला तर ॲप नाकारते. इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस या सगळ्यांचे पत्ते मात्र दिसायला अगदी सारखे, शून्य आणि एक्सने सुरू होणारे असतात, आणि तिथे चूक झाली तरी ॲप अडवत नाही. पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असेल, म्हणजे त्याची चावी तुमच्या हाती असेल, तर वॉलेटमध्ये ते दुसरे नेटवर्क जोडून टोकन दिसू शकतात. पत्ता एक्स्चेंजचा असेल तर सर्व काही त्या एक्स्चेंजच्या मर्जीवर अवलंबून राहते.

आणखी दोन बारकावे आहेत. यूएसडीसी या दुसऱ्या डॉलर-टोकनचे काही नेटवर्कवर दोन प्रकार असतात : ते काढणाऱ्या कंपनीने तिथे थेट काढलेले आणि दुसऱ्या नेटवर्कवरून पुलामार्गे, म्हणजे दोन नेटवर्क जोडणाऱ्या ‘ब्रिज’ सेवेतून आलेले, ज्याच्या नावापुढे बहुधा टिंब आणि ‘ई’ हे अक्षर असते. हे दोन्ही वेगळे टोकन आहेत आणि एकाचा पत्ता घेऊन दुसरे पाठवले तर एक्स्चेंज ते जमा करेलच असे नाही. दुसरे म्हणजे एक्सआरपी, स्टेलर यांसारख्या नेटवर्कवर एक्स्चेंजला पाठवताना पत्त्याखेरीज टॅग किंवा मेमो हा क्रमांकही द्यावा लागतो. फी नगण्य असलेल्या या नेटवर्कवर रक्कम अडकण्याचे नेहमीचे कारण तो क्रमांक विसरणे हेच असते.

दुसरी पायरी : फी कोण घेते ते ओळखणे

एक्स्चेंजवरून टोकन बाहेर काढताना जी विड्रॉवल फी कापली जाते ती एक्स्चेंजने ठरवलेली असते. नेटवर्कला प्रत्यक्षात त्यातला काही भाग जातो आणि उरलेला एक्स्चेंजकडे राहतो. नेटवर्कवरचा दर उतरला तरी ही ठोक रक्कम लगेच उतरेल असे नाही, त्यामुळे एक्स्चेंजवरून काढताना तो दर उतरण्याची वाट पाहत बसण्यात फारसा अर्थ नसतो. तिथे उपाय वेगळे आहेत : चार वेळा थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावे, स्वस्त नेटवर्क निवडावे, आणि ज्याला पाठवायचे तो त्याच एक्स्चेंजचा ग्राहक असेल तर अंतर्गत हस्तांतराची सोय आहे का ते पाहावे. असे हस्तांतर एक्स्चेंजच्या स्वतःच्या हिशेबात होते, ब्लॉकचेनवर जात नाही, आणि म्हणून बहुधा मोफत असते. काही भारतीय ॲपवर टोकन बाहेर काढण्याची सोयच नसते किंवा ती मोजक्या टोकनांपुरती असते. हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे.

स्वतःच्या वॉलेटमधून पाठवता तेव्हा मात्र पूर्ण फी नेटवर्कला जाते आणि ती त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यातच द्यावी लागते. इथेरियमवर इथर, पॉलिगॉनवर पीओएल, बीएनबी चेनवर बीएनबी, ट्रॉनवर टीआरएक्स, सोलानावर सोल. वॉलेटमध्ये ५० यूएसडीटी आहेत पण मूळ नाणे शून्य, या अवस्थेत अनेक नवखे अडकतात. मग थोडेसे मूळ नाणे आणण्यासाठी पुन्हा विड्रॉवल फी भरावी लागते. टोकन हलवण्याआधी त्या नेटवर्कचे थोडे मूळ नाणे वॉलेटमध्ये आणून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तिसरी पायरी : गॅसचे गणित

इथेरियमवर प्रत्येक कामाला ठरावीक ‘गॅस’ लागतो आणि गॅसचा दर ग्वेईमध्ये सांगतात. एक ग्वेई म्हणजे एका इथरचा शंभर कोटीवा भाग. साधे इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. यूएसडीटीसारखे टोकन पाठवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट, कारण त्या वेळी टोकनच्या ‘कराराचा’, म्हणजे टोकनचा हिशेब सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, कोड चालवावा लागतो. समजण्यापुरता इथरचा भाव २,५०,००० रुपये आणि दर १० ग्वेई धरू. इथर पाठवायला ०.०००२१ इथर, म्हणजे सुमारे ५२ रुपये पडतील. टोकनला ६०,००० गॅस धरला तर ०.०००६ इथर, म्हणजे १५० रुपये. दर १ ग्वेईवर आला की तेच काम १५ रुपयांत होते आणि ५० ग्वेईवर गेला की ७५० रुपये लागतात. गॅसचे प्रमाण कामावर ठरते, ते आपल्याला बदलता येत नाही. दर मात्र वेळ पाहून निवडता येतो.

५ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या ‘लंडन’ नावाच्या बदलापासून या दराचे दोन भाग झाले आहेत. बेस फी नेटवर्क स्वतः ठरवते आणि ती कोणाच्याही खिशात न जाता नष्ट होते. ब्लॉक निम्म्याहून अधिक भरले की ती वाढते, कमी भरले की घटते, आणि एका ब्लॉकमागे हा बदल जास्तीत जास्त १२.५ टक्के असतो. दुसरा भाग म्हणजे व्यवहार लवकर घेतला जावा म्हणून दिलेली प्रायॉरिटी फी. वॉलेटमध्ये ‘कमाल फी’ अशी चौकट दिसते ती केवळ वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात बेस फी आणि प्रायॉरिटी फी एवढेच कापले जाते आणि उरलेले तुमच्याकडेच राहते. म्हणून कमाल आकडा थोडा मोठा दिसला तर घाबरू नये. घाई नसेल तर वॉलेटमधला ‘स्लो’ पर्याय निवडावा. ब्लॉक साधारण १२ सेकंदांना एक येत असल्यामुळे ‘स्लो’ म्हणजेही बहुधा काही मिनिटांचाच प्रश्न असतो.

एक चौकट मात्र हात न लावण्यासारखी आहे : गॅस लिमिट. फी वाचवण्याच्या इच्छेने काही जण दराऐवजी हीच मर्यादा कमी करतात. मग काम अर्ध्यावर असताना गॅस संपतो, व्यवहार फसतो, टोकन जागचे हलत नाही आणि वापरलेल्या गॅसची फी परतही मिळत नाही. वॉलेटने सुचवलेली मर्यादा तशीच ठेवावी.

वेळेच्या बाबतीत नाशिकचे घड्याळ आपल्या बाजूचे आहे. नेटवर्कवरची मोठी गर्दी अमेरिकेच्या कामाच्या वेळेत होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहानंतर ते उत्तररात्रीपर्यंत. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र असते किंवा ती जवळ आलेली असते, आणि लंडनही झोपेत असते. त्यामुळे सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान, त्यातही शनिवार-रविवारी, दर उतरलेला असण्याची शक्यता जास्त. इथरस्कॅनच्या गॅस ट्रॅकरवर चालू दर कोणतेही खाते न उघडता पाहता येतो. बाजार अचानक कोसळला किंवा एखाद्या नव्या टोकनवर झुंबड उडाली, तर हे वेळापत्रक लागू पडत नाही. आणि २०२५ मध्ये बेस फी कित्येकदा १ ग्वेईच्याही खाली राहिली, हेही ध्यानात ठेवावे. अशा दिवसांत चार रुपयांसाठी रविवारची वाट पाहणे म्हणजे वेळ फुकट घालवणे.

लहान रकमांसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे लेयर-२, म्हणजे इथेरियमच्या आधाराने चालणारी आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांसारखी नेटवर्क. ती अनेक व्यवहार एकत्र बांधून त्यांची नोंद इथेरियमवर करतात, त्यामुळे जागेचा खर्च सर्वांत वाटला जातो. १३ मार्च २०२४ रोजी इथेरियमवर झालेल्या ‘डेनकुन’ बदलाने या नोंदींसाठी वेगळी, स्वस्त जागा दिली आणि लेयर-२ वरची फी अनेकदा एक-दोन रुपयांवर किंवा त्याहूनही खाली आली. मात्र टोकन आधी मूळ इथेरियमवर काढून मग पुलावरून लेयर-२ वर नेले, तर पुलासाठी मूळ इथेरियमचाच दर मोजावा लागतो आणि बचत तिथेच संपते. एक्स्चेंजवरून थेट लेयर-२ वर काढता येत असेल तर तसेच करावे. परतीचा विचारही आधीच करून ठेवावा, कारण या तिन्ही नेटवर्कच्या अधिकृत पुलावरून मूळ इथेरियमवर परत यायला सुमारे सात दिवस लागतात.

ट्रॉन आणि सोलाना यांविषयी थोडक्यात

यूएसडीटीसाठी ट्रॉन स्वस्त, असे अनेक जण सांगतात. ते सरसकट खरे नाही. तिथे टोकन पाठवायला ‘एनर्जी’ लागते, आणि ती नसेल तर तेवढे टीआरएक्स जाळले जातात. घेणाऱ्याच्या पत्त्यावर आधीपासून यूएसडीटी असेल तर सुमारे ६५,००० एनर्जी लागते. पत्ता कोरा असेल तर त्याच्या दुप्पट. ऑगस्ट २०२५ मध्ये एनर्जीचा दर २१० सनवरून १०० सनवर आला, एक टीआरएक्स म्हणजे दहा लाख सन, तेव्हा या दराने साधारण साडेसहा किंवा तेरा टीआरएक्स जातात. नेहमी पाठवणारे लोक टीआरएक्स गोठवून एनर्जी मिळवतात. वर्षातून दोनदा पाठवणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

सोलानावर मूळ फी एका सहीमागे ०.०००००५ सोल, म्हणजे काही पैसेच असते. परंतु घेणाऱ्याकडे त्या टोकनचे खाते नसेल तर ते उघडण्यासाठी सुमारे ०.००२ सोल पाठवणाऱ्याच्या खिशातून जाते, आणि पहिल्या व्यवहाराची फी अपेक्षेपेक्षा मोठी दिसते ती त्यामुळे.

बिटकॉइनची गोष्ट वेगळी

बिटकॉइनवर फी व्यवहाराच्या आकारावर, म्हणजे व्हर्च्युअल बाइटवर, सातोशींमध्ये मोजतात. एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात. आकार कशाने वाढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तुमच्या वॉलेटमध्ये एकच शिल्लक दिसत असली, तरी आत प्रत्येक वेळी आलेली रक्कम स्वतंत्र पडून असते. खर्च करताना वॉलेट लागतील तेवढे तुकडे गोळा करते आणि प्रत्येक तुकडा व्यवहारात आपली जागा घेतो. सेगविट या नव्या प्रकारच्या, ‘बीसी१’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून एक तुकडा वापरून केलेला नेहमीचा व्यवहार सुमारे १४० व्हर्च्युअल बाइटचा होतो. पाच तुकडे लागले की तो ४१० च्या आसपास जातो. दर १० सातोशी असेल तर फी १,४०० वरून ४,१०० सातोशींवर जाते, पाठवायची रक्कम तीच असली तरी. दर आठवड्याला पाचशे रुपयांचे बिटकॉइन घेऊन ते लगोलग वॉलेटमध्ये काढणाऱ्याने हे ओळखावे की तो काढताना फी देतोच, वर पुढच्या फीची तरतूदही आजच करून ठेवतो. महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच काढणे बरे. तुकडे साचलेच असतील तर दर उतरला असताना सगळी शिल्लक स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवून एकत्र करून घ्यावी.

पत्त्याचा प्रकारही फरक पाडतो. ‘१’ या अंकाने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यावरून तोच एका तुकड्याचा व्यवहार सुमारे २२६ बाइटचा होतो. नवे वॉलेट उघडताना ‘बीसी१’ने सुरू होणारा पत्ता निवडला की ही बचत कायमची पदरात पडते. मेमपूल डॉट स्पेस या संकेतस्थळावर चालू दर आणि रांग दोन्ही दिसतात. दर किती भडकू शकतो याचे उदाहरण म्हणजे २० एप्रिल २०२४ : त्या दिवशी हाविंग झाले, म्हणजे नवा ब्लॉक जोडणाऱ्याला मिळणारे बक्षीस निम्मे झाले, त्याच ब्लॉकपासून ‘रून्स’ नावाचे नवे टोकन सुरू झाले, आणि सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली. काही दिवसांतच ती पुन्हा उतरली. ज्याला घाई नव्हती त्याचे काहीच गेले नाही.

स्वस्त नाण्यात बदलून पाठवण्याचा सल्ला

परदेशी लेखांत हमखास एक युक्ती सांगतात : यूएसडीटी विकून एक्सआरपी किंवा लाइटकॉइन घ्या, ते नगण्य फीत पाठवा आणि पलीकडे पुन्हा यूएसडीटी घ्या. भारतात राहणाऱ्याने ही युक्ती वापरण्याआधी पूर्ण हिशेब करावा. एका टोकनच्या बदल्यात दुसरे घेणे हेही आपल्या कायद्यात हस्तांतर आहे. त्यावर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून लागू आहे, आणि नफा झाला असेल तर ३० टक्के कर व त्यावर उपकर. शिवाय दोन्ही वेळा एक्स्चेंजची ट्रेडिंग फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक. ५०,००० रुपयांच्या अदलाबदलीत ५०० रुपये टीडीएसमध्येच अडकतात. विवरणपत्र भरताना ते वळते करता येतात हे खरे, पण तोपर्यंत ते हाती नसतात. वाचणारी विड्रॉवल फी शंभर-दोनशे रुपयांची असेल, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात टोकन हलवणे म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे तिथे टीडीएसचा प्रश्न येत नाही. मात्र नफा काढताना खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. पाठवण्यासाठी दिलेली फी करातून भरून निघत नसल्यामुळे वाचलेला प्रत्येक रुपया पूर्ण रुपया असतो.

व्यवहार अडकला तर

दर फार कमी ठेवला आणि मधेच गर्दी वाढली, तर व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. अशा वेळी तोच व्यवहार नव्याने करू नये. इथेरियमवर प्रत्येक पत्त्याचे व्यवहार अनुक्रमांकाने जातात, आणि पुढे अडकलेला एक मोकळा झाल्याखेरीज मागचे हलत नाहीत. वॉलेटमधला ‘स्पीड अप’ पर्याय त्याच क्रमांकाचा व्यवहार वाढीव दराने पुन्हा पाठवतो; ‘कॅन्सल’ पर्याय त्याच क्रमांकावर स्वतःलाच शून्य रक्कम पाठवतो, आणि त्यालाही फी पडते. बिटकॉइनवर बहुतेक चांगल्या वॉलेटमध्ये फी वाढवून व्यवहार बदलण्याची सोय असते, ती पाठवण्यापूर्वीच चालू आहे का पाहावे. काहीच केले नाही तरी रक्कम नाहीशी होत नाही. बिटकॉइनवर ब्लॉकमध्ये न शिरलेला व्यवहार साधारण दोन आठवड्यांनी बहुतेक संगणकांच्या रांगेतून गळतो आणि शिल्लक पुन्हा खर्च करता येते.

शेवटचे बटण दाबण्यापूर्वी

रक्कम मोठी असेल आणि पत्ता नवा असेल तर आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी. त्याने फी दोनदा पडते, आणि इथे मी काटकसरीच्या विरुद्ध सल्ला देतो : एक-दोन टक्क्यांपर्यंत जात असेल तर ती फी खुशाल द्यावी. पत्ता मागच्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नये. भामटे तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता तयार करून त्यावरून शून्य किंवा क्षुल्लक रक्कम पाठवतात, ती नोंद यादीत बसते, आणि पुढच्या वेळी घाईत तोच पत्ता कॉपी होतो. मधली अक्षरेही ताडून पाहावीत.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर कोणी सांगितले की तुमचे टोकन ‘सोडवण्यासाठी’ आधी गॅस फी, कर किंवा अनामत भरा, तर ती फसवणूक आहे असेच धरावे. नेटवर्कची फी पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून व्यवहाराबरोबरच कापली जाते. ती आगाऊ कोणाच्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर भरायची नसते, आणि घेणाऱ्याला तर काहीच द्यावे लागत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, व्यवहाराचा आयडी, दोन्ही पत्ते आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, आणि ते घेऊन नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.